मामाचा एफएम-२, माझा डी-७००० आणि जेजुरीचा भंडारा : मीटर-फोकसच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

मामाने आज त्याचा निकॉन एफएम-२, रोलवर चालणारा जुना कॅमेरा, मला देऊन टाकला. खंडेनवमीला दरवर्षी त्याच्याकडे पूजेत असायचा, यंदा पूजा झाल्यावर झेंडूचं फूल तसंच वर ठेवून माझ्या हातात दिला, म्हणाला, "माझ्याच्यानं आता स्प्लिट दिसत नाही, तू वापर." (स्प्लिट म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या मधला गोल, फोकस नसेल तर त्यात चित्र दोन तुकड्यांत दिसतं.) बारामतीत बरीच वर्षं लग्नं काढली त्याने यावर. सोबत ५० एमएम एफ १.४ एआय-एस लेन्स, हाताने फोकस करायची. चामडी कव्हराचं पीठ झालंय.

ठरवलं की ३० डिसेंबरची सोमवती जेजुरीला यावर काढायची, पालखी कऱ्हा नदीवर जाते तेव्हा भंडारा उधळतात तो. माझ्याकडे डी-७००० हा डिजिटल आहे, सेकंडहँड घेतलेला, पण मी आजवर मॅट्रिक्स मीटर (कॅमेरा पूर्ण फ्रेम बघून स्वतःच उजेड मोजतो) आणि ऑटो फोकसवरच जगत आलेय. हातात अडीच महिने आहेत. जे जे होईल ते इथे लिहीत जाणार, कारण मी शोधलं तेव्हा सगळीकडे थिअरीच मिळाली, कुणाचा रोल कशामुळे वाया गेला ते कुणी सांगत नाही.

१९ ऑक्टोबर

सेल घातले. एलआर-४४ दोन लागतात. उजेड मोजणारं मीटर मेलेलंच. सेलच्या खोबणीत हिरवी बुरशी होती, कापसाच्या काडीवर लिंबाचा थेंब घेऊन पुसली, मग स्पिरिट, तरी मेलेलंच. तासाभराने कळलं की या कॅमेऱ्यात ॲडव्हान्स लिव्हर (रोल पुढे सरकवायचा दांडा) थोडा बाहेर ओढल्याशिवाय मीटर चालूच होत नाही. ओढला, बटण अर्धं दाबलं, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लाल दिवा. एक तास त्यात गेला, लिंबू वेगळं.

आता एक तक्रार. मी डाव्या डोळ्याने बघते आणि चष्मा आहे. तो बाहेर आलेला लिव्हर बरोबर चष्म्याच्या काचेत येतो. उजव्या डोळ्याने बघायचा प्रयत्न केला तर जग अनोळखी वाटतं. शेवटी लिव्हरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, काच तरी वाचेल.

मीटर समजायला सोपं आहे, + ० − अशा तीन खुणा. नुसतं ० म्हणजे बरोबर, + आणि ० दोन्ही लागले तर एका स्टॉपच्या आत ओव्हर, म्हणजे उजेड जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नुसतं + असेल तर एकापेक्षा जास्त. मायनसचं तसंच. काटा नाही, आकडा नाही. मला हे डी-७०००च्या पट्टीपेक्षा आवडायला लागलंय, कारण तिथे मी पट्टी मध्ये आणण्याच्या नादात समोर काय चाललंय ते बघायचंच विसरते.

आतला उजेड अडवणारा फोम सगळा चिकट गुळासारखा झालाय. मागच्या झाकणाचा पण आणि आरशाच्या वरचा पण.

२७ ऑक्टोबर

फोमचं किट मागवलं होतं, ३५० रुपये. जुना फोम काढायला टूथपिक, स्पिरिट आणि पूर्ण दुपार. आरशाच्या वरचा फोम काढताना एक काळा कण फोकसिंग स्क्रीनवर पडला आणि मी शहाणपणा करून तो चष्म्याच्या फडक्याने पुसला. हे कुणीही करू नका. स्क्रीन प्लास्टिकची असते, खालची बाजू फार नाजूक, आता उजव्या कोपऱ्यात केसासारखा ओरखडा आहे जो फोटोत येत नाही पण मला आयुष्यभर दिसणार. फुंकणीने उडाला नाही तर कण राहू द्यायचा, तो फोटोत येतच नाही.

शटर बरोबर चालतंय का ते फोनच्या स्लो मोशनने बघितलं, २४० फ्रेमवाल्या. झाकण उघडून, मागून उजेड बघत. १ सेकंदापासून १/३० पर्यंत बऱ्यापैकी मोजता येतं, वरच्या स्पीडचं त्यातून काही कळत नाही. म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला, त्यांनी मशीनवर लावून सांगितलं की १/१००० पर्यंत ठीक, २००० आणि ४००० जरा हळू. साफसफाईचे २२०० घेतले. २०००-४००० मला लागणार नाहीत असं तेव्हा वाटलं आणि लागलेही नाहीत.

२ नोव्हेंबर, पाडवा

पहिला रोल. कोडॅक गोल्ड २००, ९५० रुपयांना एक. घरातली दिवाळी, आकाशकंदील, आई ओवाळताना, फराळ, अंगणातली पोरं. ३६ फोटो दोन दिवसांत संपले. डिजिटलवर एका लाडवाचे ३६ काढते मी.

मध्येच हौस म्हणून माझी ५० एमएम १.८ एएफ-डी ही ऑटो फोकसची लेन्स काढून एफएम-२ ला लावून बघितली. बसते, चालते, पण तिची फोकस रिंग एवढी सैल आणि चिमूटभर फिरणारी आहे की स्प्लिट जुळवायला गेलं की पुढे जाते, मागे आणलं की मागे जाते. एआय-एसची रिंग तुपात फिरवल्यासारखी फिरते. ऑटो फोकसच्या लेन्सवर हाताने फोकस शिकायला जाऊ नका, दोष आपला वाटतो आणि असतो रिंगचा.

परत डी-७००० ला लावल्यावर स्क्रीनवर FEE ऐवजी मला तर 'फी' दिसलं, म्हटलं आता याला कसले पैसे पाहिजेत. अपर्चर रिंग (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी) २२ वर नेऊन लॉक करायची राहिली होती. वीस मिनिटं.

१० नोव्हेंबर

रोल धुऊन स्कॅन आले. डेव्हलप आणि स्कॅन ४८०, कुरिअर वेगळं. फोटो बघून पहिल्यांदा आनंदच झाला, मग नीट बघितलं तर सगळ्या सावल्या मातकट, दाणे दाणे, काळ्या साडीत काहीच नाही. मला वाटलं जुन्या कॅमेऱ्याचा 'लुक' असेल.

मामाला पाठवले. तो म्हणाला फोटो नको दाखवूस, निगेटिव्ह दाखव. फोनवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर निगेटिव्ह धरली आणि व्हिडिओ कॉल केला. दोन सेकंदात म्हणाला, "अगं पातळ आहे सगळी. एएसए काय ठेवलंयस?" (पातळ म्हणजे उजेड कमी पडलेली, एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती जागी आहे तो आकडा.)

डायलवर ४०० होता. त्याचा शेवटचा रोल ४०० चा असणार, मी २०० चा घातला आणि डायल तशीच. हा कॅमेरा रोलच्या डबीवरचे चौकोन वाचत नाही, जे सांगाल ते खरं मानतो. म्हणजे पूर्ण रोल एक स्टॉप अंडर. लॅबने स्कॅन करताना उजळून दिलं म्हणून मला कळलंच नाही, उजळलेल्या सावल्यांत दाणे येणारच.

यातून मला कळलेली मोठी गोष्ट ही की फिल्मवर एक्स्पोजर बरोबर आलं की नाही ते स्कॅन बघून ठरवायचं नाही. स्कॅनर आपल्या चुका झाकतो. निगेटिव्ह उजेडावर धरायची, सावलीच्या जागी काही तपशील आहे की नुसती काच आहे ते बघायचं. जाड झालेली एकवेळ निभते, पातळ झाली की गेली. डिजिटलमध्ये बरोब्बर उलटं, तिथे पांढरं गेलं की गेलं आणि सावली ओढून काढता येते. हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचलं होतं पण १४३० रुपये गेल्यावर समजलं.

आता रोल घातला की मागच्या झाकणावर कागदी टेप लावते आणि त्यावर 'गोल्ड २००, डायल २००' असं लिहिते. डायलकडे बघून लिहायचं, आठवणीतून नाही.

१७ नोव्हेंबर, गच्ची

सकाळी दहाचं ऊन. पांढरं धोतर (बाबांचं), काळी घोंगडी, आणि ताटात अर्धा किलो हळद. जेजुरीला हेच तर असणार, म्हणून हेच. आई विचारत होती कसली पूजा.

डी-७००० स्पॉट मीटरवर (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजतं), मोड एम, आयएसओ २००, एफ ११ कायम. प्रत्येक गोष्टीवर ठिपका धरून मीटर काय शटर सांगतं ते लिहीत गेले. ग्रे कार्डवर (मीटर तपासायचं करडं कार्ड) १/५००. धोतरावर जवळपास १/२०००. घोंगडीवर १/१०० च्या आसपास. हळदीवर ८०० ते १००० यांच्या मधे. तळहातावर १/१०००.

ऊन तेच, जागा तीच, आणि मीटर पाच वेगळी उत्तरं देतंय. मीटरला हळद माहीत नाही, धोतर माहीत नाही, जे समोर येईल ते करडं करायचं एवढंच त्याला येतं. धोतराला बघून तो म्हणतो फार उजेड आहे, कमी कर, म्हणून वारकऱ्यांचे, लग्नातल्या पांढऱ्या सदऱ्यांचे फोटो मळके येतात. मॅट्रिक्स थोडं सावरून घेतं पण फ्रेमभर पिवळं असलं की तोही फसतो.

मामाची पद्धत अशी : स्वतःचा तळहात फोटोतल्या उजेडातच धरायचा, फ्रेम भरेल इतका जवळ, फोकस करायचा नाही, मीटर ० वर आणायचं आणि मग एक स्टॉप उघडायचं. तळहात सगळ्यांचा जवळपास सारखाच उजळ असतो, माणूस गोरा असो काळा असो. एफएम-२ वर करून बघितलं, हातावर १/१०००, उघडून १/५००. कार्डशी जुळलं. ग्रे कार्डचे २९९ रुपये कशाला दिले काय माहीत, हात तर फुकट आहे.

एक बारीक चूक. पहिल्यांदा माझ्याच डोक्याची सावली हातावर पडत होती आणि मीटर १/२५० म्हणत होतं. दुसरी म्हणजे चष्म्यामुळे डोळा आयपीसला (बघायच्या काचेला) नीट टेकत नाही आणि ऊन पाठीमागून आलं की आयपीसमधून उजेड आत शिरून मीटरला फसवतं. डाव्या हाताने आडोसा केला की अर्ध्या स्टॉपचा फरक पडतो, मी दोनदा तपासलं.

सेंटर वेटेडबद्दल : एफएम-२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये जे मोठं वर्तुळ आहे त्याला ६० टक्के वजन, बाकी सगळ्याला मिळून ४०. म्हणजे हे स्पॉट मीटर नाही. वर्तुळात माणूस आणि बाजूला आभाळ असेल तर ते ४० टक्के आभाळ माणसाला काळा करणारच. जवळ जाऊन वाचायचं आणि मग मागे येऊन काढायचं, दुसरा उपाय नाही. आणि मागे आल्यावर दिवा + दाखवेल, त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. हे दुर्लक्ष करणं मला सगळ्यात जड गेलं, सारखं वाटतं की कॅमेरा ओरडतोय म्हणजे काहीतरी चुकतंय.

२४ नोव्हेंबर

आता फोकस. पहिल्या रोलमध्ये दहा-बारा फोटो मऊ होते. माझी खात्री की आरसा किंवा स्क्रीन सरकली असणार, साफ करताना काकांनी काहीतरी केलं असणार (माणूस आधी दुसऱ्यावरच जातो).

तपासायची पद्धत : रोल नसताना मागचं झाकण उघडायचं, फिल्म जिथून सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर मॅट सेलोटेप ताणून लावायची, शटर बी वर (दाबलेलं असेतोवर उघडं), केबल रिलीज लॉक, लेन्स १.४ वर उघडी. टेपवर समोरचं चित्र उलटं उमटतं. त्यावर भिंग धरून बघायचं. मी लांबचा मोबाइल टॉवर घेतला आणि मग दोन मीटरवर दाराची चौकट. स्प्लिटमध्ये जुळलं की टेपवरही तेवढंच कडक दिसलं पाहिजे. टेप सैल राहिली म्हणून पहिले दोन वेळा उत्तर चुकीचं आलं आणि मी जवळजवळ काकांना फोन लावत होते. तिसऱ्यांदा ताणून लावली. जुळतंय. दोन्ही अंतरांवर. टेपचा चिकटा नंतर स्पिरिटने काढायचा विसरू नका.

म्हणजे कॅमेरा ठीक, बिघाड माझ्यात. पूर्ण रविवार गेला पण संशय गेला.

मग मऊ का? मऊ फोटो काढून बसले. निम्मे १/३० वरचे, नुसता हात हललेला. उरलेल्यांत फोकस मागे गेलेला, कान कडक आणि डोळे मऊ. स्प्लिट फक्त मध्यभागी असतो, मी डोळ्यावर जुळवायचे आणि मग कॅमेरा फिरवून चेहरा बाजूला घ्यायचे. मीटरभर अंतरावर १.४ ला खोली जेमतेम ३ सेंटिमीटर मिळते आणि पंधरा अंश फिरवलं की तेवढीच हुकते. लांबच्या माणसाला चालतं, जवळच्याला नाही. जवळ असताना मधला स्प्लिट सोडून बाजूच्या साध्या मॅट भागात डोळा जिथे आहे तिथेच फोकस बघायचा, किंवा सरळ एफ ४.

मामा म्हणाला लग्नात तो डोळ्यावर फोकस करायचाच नाही. नवरीच्या मुंडावळ्यांवर करायचा. स्प्लिटची रेघ आडवी असते, तिला तुटायला उभी रेघ लागते, आणि मुंडावळ्या डोळ्याच्या शेजारीच उभ्या लोंबत असतात! नवरदेवालाही त्याच. मला एवढा आनंद झाला हे ऐकून. जिथे उभं काही नसेल तिथे कॅमेरा आडवा-उभा फिरवून जुळवायचं आणि परत सरळ करायचं.

१ डिसेंबर

डी-७००० चा नंबर. पेन्सिल सेल टेबलवर तिरप्या रांगेत उभे केले, सात, मधल्यावर फोकस, १.८, स्टँडवर. सातपैकी पाचवा कडक. म्हणजे फोकस मागे पडतोय, आणि मी तीन वर्षं लेन्सला शिव्या देतेय. मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, −२० ते +२०, माझ्याकडे −८ वर मधला सेल कडक आला. प्रत्येक वेळी लेन्स आधी पूर्ण बाहेर फिरवून मगच परत फोकस घ्यायचा, नाहीतर तो जागचा हलतच नाही आणि वाटतं जुळलं. चाळीस फोटो लागले.

एआय-एस १.४ पण लावून बघितली डी-७००० ला. मेनूत नॉन-सीपीयू लेन्सच्या जागी ५० आणि १.४ भरलं की मीटर चालतं, फक्त ए आणि एम मोडवर. फाइन ट्यून अशा लेन्सला लागू होत नाही. आणि खरा घोटाळा व्ह्यूफाइंडरचा आहे. डिजिटलची स्क्रीन उजळ असते पण १.४ चा खरा उथळपणा दाखवतच नाही, डोळ्याला सगळं २.८ सारखं दिसतं, म्हणून वाटतं फोकस झाला आणि नसतो झालेला. कोपऱ्यातल्या फोकसच्या ठिपक्यावर विसंबलं तर तो थोडं पुढे-मागे झालं तरी जळत राहतो. मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू मोठा करूनच जमतं, पण पळत्या माणसावर कसलं लाइव्ह व्ह्यू. नाद सोडला. जुनी लेन्स जुन्यावर, नवी नव्यावर.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी, जेजुरी

रंगीत तालीम. धाकट्या भावाला बॅग धरायला घेतलं, भरीत-रोडग्याच्या आमिषावर आला. गडावर पायऱ्यांपासूनच पिवळं. येळकोट येळकोट जय मल्हार ऐकत वर चढेपर्यंत चष्मा पिवळा, केस पिवळे.

कॅमेऱ्यांना आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड, पुढे यूव्ही फिल्टर. लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. सेन्सरवर हळद गेली तर साफ करायला किती घेतील याचा विचारच नको.

काय काय चुकलं :

डी-७००० एएफ-सी वर (सतत फोकस शोधत राहणारा), ३९ च्या ३९ पॉइंट ऑटो. मूठ उधळली की जो ढग जवळ येईल त्याला धरायचा, आणि ढग दाट झाला की त्यात धरायला काहीच नसल्यामुळे लेन्स पुढे-मागे कुरकुरत बसायची. नेमक्या त्याच सेकंदात ज्यासाठी आलेय. ४१० पैकी दीडशेच्या वर फोटो त्यात गेले.

हिस्टोग्राम (उजळ-काळं किती आहे त्याचा आलेख) बघत होते, ठीक दिसत होता, घरी येऊन बघितलं तर भंडारा सपाट पिवळा, रंगाचा डाग नुसता, दाणा नाही. लाल चॅनल कापला गेला होता. पांढरा हिस्टोग्राम सगळ्यांची सरासरी दाखवतो, हळदीत लाल सगळ्यात आधी टोकाला जातो. रंगीत हिस्टोग्राम बटण दाबून वेगळा बघावा लागतो, तो मी बघितलाच नाही.

एफएम-२ वर तळहात विसरले! गर्दीत कुठे हात धरणार म्हणून पिवळ्या पायऱ्यांवरच मीटर घेत गेले. परत अंडर, यावेळी पाऊण-एक स्टॉप. अर्धा रोल झाल्यावर आठवलं.

आणि महाद्वारातून बाहेर बघताना उजेडाकडे तोंड, दिवा कधी + कधी −, लोक पुढून गेले की बदलतोय, मी डायल फिरवतेय, आणि तेवढ्यात एका आजोबांनी कपाळाला भंडारा लावून घेतला नातवाकडून, तो फोटो नाही माझ्याकडे. तो अजून डोक्यातून जात नाही.

भरीत मात्र छान होतं.

१५ डिसेंबर

निगेटिव्ह आली. पहिले १८ पातळ, नंतरचे ठीक. स्कॅनमध्ये परत फारसा फरक दिसत नाही, बघा.

बसून ठरवलं की सोमवतीला मीटर तिथे बघायचंच नाही. उजेड दोनच प्रकारचे असणार, ऊन आणि सावली. पोचल्या पोचल्या दोन्हीकडे तळहातावर मोजायचं, लिहून ठेवायचं, बास. तसंच फोकसचं. ५ मीटरवर ठेवला आणि एफ ११ असेल तर ५० एमएमला ३ मीटरपासून १४ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं कडक येतं. एफ ८ ला साडेतीन ते साडेनऊ. लेन्सवर त्याच्या रंगीत रेघा आहेतच. रिंगला ५ मीटरवर कागदी टेप लावून टाकली.

डी-७००० वरही तेच, एम मोड, तेच आकडे. फोकस शटर बटणावरून काढून मागच्या एई-एल बटणावर टाकला, मेनूत एएफ-ऑन म्हणून आहे. एकदा दगडी दीपमाळेवर अंगठ्याने फोकस घेतला की बोट सोडायचं, मग ढग येवो की काही येवो, लेन्स हलत नाही.

२२ डिसेंबर

रोल नसलेला कॅमेरा घेऊन हडपसरच्या मंडईत फिरले. खेळ एकच, माणूस दिसला की ५ मीटर की ३ ते मनात म्हणायचं आणि मग स्प्लिटमध्ये तपासायचं. सुरुवातीला मी ५ ला ३ म्हणत होते. तासाभरात ठीक जमलं. कांदेवाल्या मावशी म्हणाल्या, "फोटो काढायलीस तर काढ की, नुस्तीच बघत बसलीस."

३० डिसेंबर, सोमवती

भाऊ परत सोबत. पोचल्यावर एका घराच्या ओट्यावर जागा मिळाली, रस्त्यापेक्षा हातभर उंच, समोर पालखीची वाट, निम्म्यात ऊन निम्म्यात सावली. तळहात उन्हात धरला : १/१०००, उघडून १/५०० एफ ११. सावलीत : १/२५० एफ ८, उघडून १/१२५ एफ ८. चिठ्ठ्या लिहून लेन्सहूडला चिकटवल्या, 'ऊन ५००/११, साव १२५/८'. डी-७००० वर उन्हात १/६४० ठेवलं, लाल चॅनल वाचावा म्हणून तिसरा हिस्सा स्टॉप कमी, आणि रंगीत हिस्टोग्राम बघून खात्री केली.

ॲडव्हान्स लिव्हर बाहेरच ठेवला, आत ढकलला की या कॅमेऱ्यात शटरच लॉक होतं. मीटरच्या दिव्याकडे बघायचं नाही, बास. शटरला मीटरची गरज नाही आणि सेलचीही नाही.

पालखी आली तेव्हा काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. वरून, समोरून, गच्च्यांवरून पोत्यांनी भंडारा येत होता, दोन हातांवरचं दिसेना, मग एकदम हवा मोकळी व्हायची आणि पिवळ्या माणसांचे नुसते डोळे दिसायचे. व्ह्यूफाइंडरमध्ये स्प्लिट बघायची सोयच नव्हती, तो पिवळ्यात पिवळा. अंतराचा अंदाज घ्यायचा, एक पाऊल पुढे किंवा मागे, दाबायचं.

२२ व्या फोटोला रोल बदलावा का असा विचार आला, पुढचा रोल आहे म्हणून. पण तिथे झाकण उघडणं म्हणजे वेडेपणा. ३६ संपवले. मग ओट्यावरच्या काकूंनी घरात बोलावलं, देवघराच्या खोलीत दार लावून रोल बदलला, आधी ओल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसून, नंतर कोरड्याने. घातल्यावर डावीकडची गुंडाळायची मूठ फिरतेय ना ते बघितलं, नाही फिरली तर रोल पुढे सरकतच नाहीये. काकूंनी चहा दिला, कपाळाला भंडारा लावला, जणू कमी होता.

चुका : चार-पाच वेळा माणसं उन्हातून सावलीत गेली आणि मी ५००/११ वरच राहिले. तीन स्टॉप. त्याला कुठलाच स्कॅनर वाचवत नाही.

११ जानेवारी २०२५

दोन्ही रोल आले. पहिल्या ३६ मध्ये फोकस २३ ठिकाणी बरोबर, ७ मऊ पण चालतील असे, ६ गेले, त्यातले बहुतेक दोन मीटरच्या आत आलेले लोक, म्हणजे ५ मीटरच्या टेपच्या अलीकडचे. निगेटिव्ह यावेळी जाडजूड, छान. सावलीत विसरलेले पाच नुसती काच.

डी-७००० चे ३०० पैकी दीपमाळेच्या अंतरावरचे जवळपास सगळे कडक, हळदीत दाणा आहे. पण पन्नासची लेन्स त्यावर पंचाहत्तरसारखी बघते, त्यामुळे गर्दीत अंगावर येणारे फोटो एफएम-२ चे. दोन्हीकडे आकडे जवळपास एकच असूनही पिवळा अगदी वेगळा आलाय, फिल्मवर तो जरा तांबूस, गुळाकडे झुकणारा. मला तोच आवडला, कुणाला दुसरा आवडेल.

मामाला निगेटिव्ह फोनच्या उजेडावर दाखवल्या. बराच वेळ काही बोलला नाही, मग १४ नंबरची थांबव म्हणाला. त्यात एक मुरळी आहे, हात वर, हातात घोळ (तिची घंटा), भंडारा तिच्या पुढेही आणि मागेही, ती मधोमध कडक. म्हणाला, "ही मीटर बघून काढलीस का?" म्हटलं नाही. "मग ठीक."

खर्च, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी : फोम ३५०, सेल ८०, साफसफाई २२००, ग्रे कार्ड २९९ (घेऊ नका), रोल चार ३८००, धुलाई-स्कॅन १९२०, कुरिअर साधारण ४००, हळद अर्धा किलो जी नंतर आईने ताटातली म्हणून वापरू दिली नाही. जाणं-येणं धरलं नाही.

ॲडव्हान्स लिव्हरच्या फटीत अजून हळद आहे, फुंकणीने निघत नाही, फिरवला की बारीक पिवळी धूळ पडते. मागच्या झाकणाचा नवा फोमही पिवळा झालाय, तो परत बदलावा लागणार, किट अर्धं उरलंय.